किती टक्के लावलंस?

हळदीला बसलेल्या नवरदेवाचा चेहरा लालबुंद दिसला, तर पूर्वी बायका म्हणायच्या, लाजतोय गं. आता मावसबहिणी वाकून विचारतात, "किती टक्के लावलंस?" तो दातओठ खात सांगतो, "दहा." तेवढ्यात आत्या ओंजळभर हळद त्याच्या दोन्ही गालांना फासते. नवरदेवाच्या तोंडून जे निघतं ते सनईत बुडून जातं म्हणून ठीक, नाहीतर भटजींना मंगलाष्टकं दुसऱ्या मुहूर्तावर घ्यावी लागली असती.

दहा टक्के ग्लायकोलिक आम्ल. रात्री लावायचं, झोपायचं, सकाळी नितळ तोंड घेऊन उठायचं. बाटलीवर चंद्रकोर असते, म्हणजे दिवसा लावू नये एवढं तरी अडाण्यालाही कळावं. नवरदेव अडाणी नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहा, हेही त्याने वाचलं होतं. पण त्याच्या कंपनीत टेस्टिंगचं खातं वेगळं असल्यामुळे त्याने ते मनावर घेतलं नाही. शिवाय लग्न चार दिवसांवर आलेलं. थेट चेहऱ्यावर रिलीज केलं.

आम्लाशी या सदराचं भांडण नाही. भांडण त्या टक्क्याशी आहे. सौंदर्यप्रसाधनाच्या बाटलीवर एके काळी गुलाब असायचा, नाहीतर गुलाब हुंगणारी बाई. आता आकडा असतो. प्रयोगशाळेतून पळवून आणल्यासारखी साधी बाटली, बारीक अक्षरं आणि मधोमध टक्का. निआसिनामाइड दहा, लॅक्टिक पाच, सॅलिसिलिक दोन. ज्या राज्यात दहावीला ९४ टक्के पडलेल्या मुलाची आई ९६ वाल्याच्या आईला पाहून रस्ता बदलते, तिथे हा माल खपणार हे ज्याने ओळखलं त्याला दंडवत. ऑफिसच्या कँटीनमध्ये कान देऊन ऐकावं. "तू कितीवर आहेस?" "पाच." "अजून पाचवरच? मी तर जानेवारीतच दहावर गेले." पाचवाली डब्यातल्या भेंडीकडे बघत बसते. मग तिसरी, जी एरवी कुणाशी बोलत नाही, शांतपणे म्हणते, "मी रविवारी तीस लावते." टेबल गार पडतं. तीस टक्क्यांचं ते द्रावण रक्तासारखं लाल असतं आणि दहा मिनिटांत धुवायचं असतं. ती एका मालिकेचा अर्धा भाग बघून मग धुते. पण हे विचारायचं नसतं, मेरिटमध्ये आलेल्या पोरीला अभ्यासाच्या वेळा विचारू नयेत.

गंमत अशी, की आम्लाचा नुसता टक्का काहीच सांगत नाही. सोबत सामू, म्हणजे पीएच, लागतो. द्रावणाचा सामू ३.८ च्या आसपास असेल, तर ग्लायकोलिक आम्लातलं निम्मं मोकळं असतं आणि निम्मं क्षाराशी हातमिळवणी करून मीठ होऊन बसलेलं असतं. कातडीत शिरून काम करतं ते मुख्यतः मोकळं आम्ल. सामू साडेतीनवर आणला तर शंभरातले सुमारे ६८ भाग मोकळे. पाचवर नेला तर जेमतेम सहा. म्हणजे बाटलीवर ठळक दहा टक्के छापायचे, आत सामू पाच ठेवायचा, की कामाला येणारं आम्ल ०.६ टक्क्यांच्या घरात. छापलेलं अक्षर न् अक्षर खरं, कुठल्याही चौकशीला तोंड देता येईल असं. दहा कागदावर आणि अर्धा जागेवर, हे गणित या राज्याला रसायनशास्त्राने शिकवलेलं नाही.

आणि हाच गिऱ्हाईक मंडईत कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून, आत पिवळी पानं लपवलीत का ते बघून, मग पाच रुपये कमी करायला लावतो.

सामू शहरात कुणी विचारत नाही. शेतकरी विचारतो, मातीचा. त्यावरून उसाची गोष्ट निघते, कारण या बाटलीच्या खोक्यावर कधीकधी हिरव्यागार उसाची दोन कांडी काढलेली असतात. ग्लायकोलिक म्हणजे 'उसातलं आम्ल'. उसाच्या रसात ते असतं हे खरं, थोडंसं. पण बाजारातलं बहुतेक ग्लायकोलिक आम्ल रासायनिक कारखान्यात तयार होतं, फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइडपासून, नाहीतर क्लोरोअॅसेटिक आम्लापासून. त्यात वाईट काही नाही, रेणू तोच. पण खोक्यावर कार्बन मोनॉक्साइडचं चित्र कोण काढणार? ऊस कसा गोड दिसतो. आता हिशेब करा. तीस मिलिलिटरची बाटली, दहा टक्के, म्हणजे आम्ल साधारण तीन ग्रॅम. किंमत पाचशे धरू. २०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, होती क्विंटलला ३४० रुपये, तीसुद्धा साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा पॉइंट एकने वाढला की दर वाढतो, घसरला की घसरतो. म्हणजे इथेही टक्काच, फक्त हा टक्का बाटलीवर मिरवत नाही, तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरतो आणि ज्याचा ऊस आहे तो बाहेर, ट्रॅक्टरच्या सावलीत बसलेला असतो. काटा त्यांचा, उतारा त्यांचा, कपात त्यांची. बारा-चौदा महिने पाणी पाजून वाढवलेल्या उसाचा पहिला हप्ता कधी पडेल हे विचारायला गेलं की सांगतात, साखरेला उठाव नाही. त्या दराने पाचशे रुपयांत जवळजवळ दीड क्विंटल ऊस येतो. नवरदेवाने तेवढा ऊस घरी आणून त्याच्या चिपाडाने तोंड घासलं असतं तरी खोक्यावरच्या चित्राशी तो जास्त प्रामाणिक राहिला असता. आणि उसाने कातडी सोलून निघते हे तर कोयत्यावरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. पाचटीची धारदार पात गालावर, मनगटावर, मानेवर रोज ओरखडे काढते. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं असतं, मुकादमाची उचल फिटेपर्यंत हंगाम संपत नाही. त्या ट्रीटमेंटला ड्रॉपर लागत नाही. टक्के विचारलेच तर उचलीवरचं व्याज सांगतात.

असो. तोंडाकडे वळू.

कातडीचा सगळ्यांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या पंधरा-वीस चळती. सगळी मिळून जाडी केसाहून कमी. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे जे सांधे असतात ते हे आम्ल सैल करतं आणि वरची चळत लवकर सुटते. तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला विशीतल्या माणसाला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त. हा वेळ नवरदेवाला मान्य नाही. रात्री अकरा ते सकाळी सहा एवढ्यात काम उरकून हवं. त्वचारोगतज्ज्ञ ही आम्लं १९७० च्या दशकापासून वापरताहेत, माशाच्या खवल्यांसारखी कोरडी कातडी होणाऱ्या रुग्णांपासून सुरुवात झाली, आणि गुण येतो. पण येतो तो आठवड्यांनी, कमी टक्क्याने सुरू करून, एक दिवसाआड लावून, वर क्रीम थापून. असं नीट वापरणाऱ्याची कँटीनमध्ये कुणी चौकशी करत नाही.

चौकशी होते चुरचुरण्याची. "चुरचुरतंय म्हणजे काम करतंय." हे वाक्य कुठून निघालं कुणास ठाऊक, पण आता त्याला आर्यभटाच्या गणिताइतका मान आहे. या न्यायाने वर्षभराचं तिखट कांडणाऱ्या बाईची बोटं रेशमासारखी हवीत. चुरचुर थांबली नाही, लाली आली, सालटं निघाली, तरी भक्त डगमगत नाही. पुटकुळ्या उठल्या की सांगतो, आतली घाण बाहेर पडतेय, सहा आठवडे कळ काढायची. दडलेले मुरुम काही जणांत लवकर वर येतात, हे खरं. पण ज्या कपाळावर जन्मात पुटकुळी नव्हती तिथे नवीन पीक आलं, तर ती घाण कुठल्या जन्मातली धरायची? ती आग आहे, साधी. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा स्वभाव असा की आग विझली तरी डाग मागे ठेवते. तो काळपट डाग महिनोन् महिने हलत नाही. नितळ व्हायला गेलेला माणूस ठिपके घेऊन परत येतो आणि ठिपक्यांसाठी दुसरी बाटली घेतो. तिच्यावर बारा टक्के लिहिलेलं असतं.

उन्हाचं तर कुणी नावच काढत नाही. दहा टक्के ग्लायकोलिक चार आठवडे लावलेल्या स्वयंसेवकांची कातडीची अतिनील किरणांनी लाल होण्याबाबतची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढल्याचं अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलं होतं. लावणं थांबवल्यावर आठवडाभरात ती पूर्ववत झाली. २००५ पासून तिथे अशा बाटल्यांवर उन्हापासून जपा अशी सूचना छापायला सांगितलेलं आहे. आपला नवरदेव मे महिन्यात दुपारी चार वाजता विदर्भात घोड्यावर बसतो, दीड तास वरात, पुढे मित्र नाचताहेत, हलत कुणी नाही. सनस्क्रीन लावलंय म्हणतो. ते तपासताना दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून तपासतात, आणि हा वाटाण्याएवढं घेऊन कानापासून कानापर्यंत पुरवतो. पण एसपीएफ तीस घेऊ की पन्नास, यावर त्याने पूर्ण रविवार घालवलेला असतो. तीस सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, पन्नास ९८. एका टक्क्यासाठी रविवार. संस्कार दहावीचे.

इथे पुण्याच्या दुचाकीवरच्या पोरींची जाहीर माफी सगळ्या मराठी विनोदी लेखकांनी मागायला हवी. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळून त्या निघाल्या की त्यांना दरोडेखोर म्हणून झालं, चंबळ म्हणून झालं, गेली वीसेक वर्षं दिवाळी अंकांची पानं त्यावर भरली. त्या सुती ओढणीने जेवढी कातडी वाचवली तेवढी कुठल्याही आकड्याने वाचवलेली नाही. तिला टक्का नव्हता, म्हणून तिची किंमत झाली नाही.

बरं, हे सगळं नितळ दिसण्यासाठी चाललंय असं समजून कुणी वाचत असेल तर त्याने आत्याचं बोलणं ऐकावं. हळद लावून झाल्यावर हात पुसत ती शेजारणीला म्हणाली, "मुलगा उजळलाय हो थोडा." थोडा! एवढ्यासाठी सगळं रामायण. खोक्यावर 'स्मूथ' लिहिलेलं असतं, 'ग्लो' लिहिलेलं असतं, 'टोन' एकसारखा करून देतो असं लिहिलेलं असतं, आणि वाचणारा ते सगळं एकाच अर्थाने वाचतो: गोरं. लिहिणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून तर लिहितो. विवाहविषयक जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप' छापायला आता जरा लाज वाटते, मग बायोडेटात वर्णाच्या रकान्यात 'निमगोरा' येतो. हा निमगोरा शोधून काढणाऱ्याला एकदा गाठायचं आहे. सावळ्या विठ्ठलासाठी पंढरपूरपर्यंत पायी जाणारं घर सून बघायला निघालं की ट्यूबलाइटच्या खाली बसवून तिचा रंग तपासतं. पोरगी शिकलेली, कमावती, हसरी असो, परतीच्या वाटेवर गाडीत पहिलं वाक्य रंगाचं. लाज वाटत नाही. कुणालाच वाटत नाही.

आणि ज्याला पाचशेची बाटली परवडत नाही त्याचंही अडत नाही. त्याच्यासाठी ट्यूब आहे. औषधाच्या दुकानात मिळते, बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त. तिच्यात बेटामेथासोन असतं, कधी मोमेटासोन, कधी क्लोबेटासोल. सोबत डाग घालवणारं हायड्रोक्विनोन. पहिली तिन्ही स्टेरॉइडं आहेत, इसबासारख्या आजारांवर डॉक्टरांनी मोजून द्यायची. चेहऱ्यावर लावली की काही दिवसांत रंग खरंच फिकट होतो. गल्लीत चर्चा होते. मग कातडी कागदासारखी पातळ होते, तांबड्या रेषा दिसायला लागतात, पुरळ उठतं, गालांवर लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावावी लागते. यात क्लोबेटासोल किती असतं? ०.०५ टक्के. दहा नाही, पाच नाही, अर्धासुद्धा नाही. स्टेरॉइडांतलं अतिशय जहाल, आणि आकडा इतका बारीक की कँटीनमध्ये सांगायची लाज वाटावी. तीस टक्केवालीने तर तुच्छतेने पाहिलं असतं.

अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला. संध्याकाळी कुठल्याही तालुक्याच्या गावी दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहावं. एक मुलगी येते, अठरा-एकोणीसची, सोबत आई. आई गल्ल्याशी झुकून हळूच म्हणते, "ती गोरं व्हायची ट्यूब द्या ना, मागच्या वेळी नेली होती ती." दुकानदार चिठ्ठी मागत नाही. मुलीच्या तोंडाकडे बघत नाही. मागच्या फळीवर हात नेत विचारतो, "छोटी देऊ का मोठी? मोठीवर दहा टक्के सूट आहे."