भिंत दिसली की भोक!

अहो, चाललंय काय हे परभणीत? दुपारी जेवून जरा पाठ टेकावी, तर शेजारून घुर्रर्र! वसमत रोडच्या नव्या वसाहतीत सुरू झालं की जिंतूर रोड गप्प बसत नाही. ज्याच्या त्याच्या हातात ड्रिल मशीन! पूर्वी कॅलेंडर टांगायला एक खिळा अन् वरवंटा पुरायचा. आता? चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

ज्या गुरुजींनी जन्मभर खडूपेक्षा जड काही उचललं नाही, ते आता ‘हॅमर मोड’वर प्रवचन झोडतात. कृषी विद्यापीठातले निवृत्त साहेब कापसाच्या वाणाचं नाव काढत नाहीत, बिटांचे नंबर मात्र तोंडपाठ! एका वहिनींनी देवघरासाठी एक फळी मागितली. मिळाली अकरा भोकं. इतकी कशाला? म्हणे, ‘राहू दे, पुढंमागं लागतील!’

अन् थाट तर बघा! तोंडाला रुमाल, खाली पोरगं चुना झेलायला सूप धरून उभं. खटका दाबला, घुर्रर्र! दहा मिनिटं झाली तरी भिंतीला नुसता ओरखडा. ‘बिल्डरनं पोलाद ओतलंय का काय?’ बिटाचा उद्धार झाला, व्होल्टेजचा झाला, दुकानदाराचा तर सात पिढ्यांसकट झाला. शेवटी पोरगंच म्हणतं, ‘बाबा, खटक्याजवळची कळ उलटी हाय, बिट उलटा फिरायलाय!’ कळ सरकवली मात्र, बिट थेट पलीकडच्यांच्या बैठकीत हजर! भोक एवढं ऐसपैस की प्लास्टिकची गिट्टी आत गडप. मग कोंबा आगपेटीच्या काड्या! तोवर चकची चावी गायब. ती सापडली की लाइट गायब.

ही पीडा काढली तरी कुणी? हातात धरायचं विजेचं ड्रिल 1895 साली जर्मनीतल्या फाइन कंपनीनं काढलं, चांगलं साडेसात किलोचं. भरीस भर म्हणून 1954 साली अँगल ग्रायंडरही तिकडूनच आलं. उगाच का म्हणतात, जगात जर्मनी अन् भारतात परभणी? त्यांनी यंत्रं दिली, आपण भिंती दिल्या! मधल्या काळात अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरनं ड्रिलला पिस्तुलाची मूठ अन् खटका बसवला, 1917 साली पेटंटही घेतलं. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

आता तुम्ही साळसूदपणे मान हलवू नका. पलंगाखाली ढकललेली ती पेटी कुणाची? ‘आमच्यात नाही बाई असली थेरं’ म्हणणाऱ्यांच्याच नखांत चुना कसा सापडतो? जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय! तेवढा आठ नंबरचा बिट असला तर पोराजवळ धाडा. अन् परत मागायची घाई करू नका, आमच्या अजून तीन भिंती बाकी आहेत.