आभासी राउटरचे मानपान

राउटर आभासी झाला म्हणजे त्याचे नखरेही आभासी झाले, या भ्रमात कोणी राहू नये. सिस्कोचा सीएसआर १०००व्ही घ्या. एकट्याला टेकायलाच ४ जीबी रॅम हवी. चौघांमध्ये ओएसपीएफ राउटिंग जुळवायचे म्हटले, की १६ जीबी गेली. कशासाठी? तर एक पिंग या टोकाकडून त्या टोकाला पोहोचावा म्हणून.

ईव्ह-एनजी या नेटवर्क-लॅबच्या सॉफ्टवेअरात त्याची प्रतिष्ठापना करायची तर सोवळे पाळावे लागते. फोल्डरचे नाव ठरलेल्या अक्षरांनीच सुरू झाले पाहिजे, आतल्या डिस्कचे नावही ठरलेलेच, आणि शेवटी परवानग्या दुरुस्त करणारी कमांड. एखादा डॅश राहिला, की साहेब यादीत करडे पडून बसतात. कारण विचारायची सोय नाही.

ईव्ह-एनजी स्वतःच ईएसएक्सआय या हायपरवायझरवर भाड्याने राहत असेल, तर घरमालकाचे नियम वेगळे. व्हर्च्युअल स्विचवर इतरांच्या पत्त्याची पॅकेटेही आत घेणाऱ्या प्रॉमिस्क्युअस मोडला मुळातच नकार असतो. इंटरफेस 'अप' दिसतो, एररचा पत्ता नाही आणि बाहेरचे पॅकेट मुकाट्याने गडप! तक्रार नोंदवून न घेता कामकाज सुरळीत दाखवण्याची ही कला आपल्याला नवी नाही म्हणा.

एवढे करून सीएसआरचा परवाना नसेल तर वेग १०० केबीपीएस. मिक्रोटिकचा फुकट आभासी राउटर सीएचआर त्यामानाने दिलदार: दर इंटरफेसला १ एमबीपीएस!

खऱ्या राउटरचे पैसे मात्र वाचतात. ते रॅमवाल्याला द्यायचे असतात.