आठशेचं पहिलं शूटिंग

रत्नागिरीत जुनी मारुती ८०० बाळगणाऱ्याला तिचा पहिला व्हिडिओ काढायचा झाला, तर जागा ठरलेली: आरे-वारे. गणपतीपुळ्याकडे जाणारा तो वळणाचा रस्ता, खाली समुद्र, आणि मोबाइल धरायला भाचा. ‘नमस्कार मित्रांनो’ एवढंच ऐकू येतं, पुढचं सगळं वारा नेतो. मग गाडी सावकाश येते, सावकाश वळते, सावकाश जाते. हे स्लो मोशन आहे, की चढावर दमलेलं ७९६ सीसीचं इंजिन, ते विचारायचं नसतं.

इतिहासही येतोच. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली दिली ती दिल्लीच्या हरपाल सिंग यांना. पण निवेदकाचा सूर असा, की ती थेट त्याच्या वडिलांच्या हातात पडली असावी. २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, हे सांगताना गळा दाटतो. (हा गळा घरच्यांनी कधी दाटलेला पाहिलेला नाही.)

कॅमेऱ्यात येत नाही ते गाडीचं पोट. खाऱ्या हवेने आणि पावसाने दारांच्या खालच्या कडा किती खाल्ल्या, कुठे पत्रा उरलाय नि कुठे नुसतीच पुट्टी, हे दाखवलं तर सगळं कोकण तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघेल. पण तेव्हाच नेमका भाचा मोबाइल आभाळाकडे वळवतो.

आणि एक विनंती. शेवटच्या दृश्यासाठी गाडी भाट्याच्या वाळूत उतरवू नका. तिथे रुतली की नायक ट्रॅक्टर होतो.