पितळेच्या गर्दीतलं लाकूड

लग्नघरात एक आत्या असते. मुहूर्त तिने काढलेला नसतो, आचारी तिने ठरवलेला नसतो. पण भटजींच्या उच्चारांपासून जिलबीच्या पाकापर्यंत प्रत्येक गोष्टीवर तिचं काही ना काही चालू असतं. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या जुन्या जॅझ बँडमधलं क्लॅरिनेट ऐकलं की मला ती हमखास आठवते. मुख्य चाल ट्रम्पेटची. ट्रॉम्बोन थोरल्या काकांसारखं खालून हुंकार भरत पुढे-मागे सरकतं. आणि क्लॅरिनेट दोघांच्या डोक्यावरून, एका सुराच्या जागी आठ सूर पेरत, पदर खोचून धावत असतं.

पण ऐकू कोणाला जाणार? तीन ट्रम्पेटं, दोन ट्रॉम्बोनं, सूझाफोनचा तो भलाथोरला कर्णा, दोन ढोल आणि वर उघडं आकाश. इतक्या पितळेत हे एकटं लाकूड. यावर तिथल्या वादकांनी तोडगा काढला तो मोठा शहाणा. नेहमीचं दोन फुटांचं क्लॅरिनेट घरी ठेवून पुष्कळजण दीड फुटाचं, ई-फ्लॅटचं घेऊन मिरवणुकीत उतरत. आवाज वाढवता येत नाही ना, मग पट्टी चढवा. सात भावंडांतलं धाकटं दुसरं काय करतं?

‘हाय सोसायटी’ हे १९०१ सालचं मार्च. त्यात वर नाचणारा तुकडा होता पिकोलोसाठी. तो अल्फॉन्स पिकूने क्लॅरिनेटवर उतरवला आणि असा रुळवला की पुढे नव्या क्लॅरिनेटवाल्याची परीक्षा त्याच तुकड्यावर होऊ लागली. पिकू पेशाने पत्र्याचं काम करणारा. त्याचं वाजवणंही तसंच: कडा नीट वळवलेल्या, डाग एकसारखा, कुठे गळती नाही.

मला मात्र जॉर्ज लुईस जवळचा. गोदीत ओझी उचलणारा, स्वतःच शिकलेला माणूस. त्याचा सूर कापतो, कधी जरासा घसरतोही, आणि पंडितांनी त्याबद्दल नाकं मुरडली आहेत. मुरडोत. १९४४ मध्ये गोदीतल्या अपघातात छातीला मार बसून तो घरी पडून होता, तेव्हा बिछान्यात बसूनच त्याने ‘बर्गंडी स्ट्रीट ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. १९५१ च्या युरेका ब्रास बँडच्या ध्वनिमुद्रणात तोच ते चिमुकलं ई-फ्लॅट घेऊन उभा आहे. त्यात अंत्ययात्रेची संथ धून लागते. ढोल दबलेले, ट्रम्पेटं जड पावलांनी चाललेली, आणि वरून त्याचा एकच बारीक सूर सगळ्यांच्या वतीने रडतोय. वाटतं, एरवीची ती सगळी बडबड या एका कामासाठी राखून ठेवलेली. दफनविधी आटोपला की मात्र ढोल मोकळे होतात, मागची मंडळी छत्र्या नाचवू लागतात आणि आमच्या आत्याबाई पुन्हा पाकाची तार बघायला धावतात.

हे सगळं ऐकून मीही एक जुनं क्लॅरिनेट विकत घेतलं. बासरीत फुंक चढवली की सा चा वरचा सा मिळतो. हे वाद्य तिरपागडं: इथे सा वरून उडी मारली की एकदम तार सप्तकातला प! म्हणजे खालची बोटं वर चालत नाहीत, आणि मधला ओढा ओलांडताना पाय घसरला की किंचाळी फुटते. बसून जमेना, तेव्हा मी ठरवलं की आपण रस्त्यावरचे वादक, आपण चालत वाजवू. गच्चीवर गेलो. दर पावलाला ते काळं मुखपट्ट वरच्या दातांवर आपटत होतं. मैलोनमैल मिरवणुकीत ती माणसं दात कसे राखत असतील, या विचारात टाकीला वळसा घातला आणि नेमका ओढ्यात पडलो. जी निघाली तिला सूर म्हणणं कठीण.

खालून बायकोचा आवाज आला, “अहो, नळ शिट्टी मारतोय, पाणी येतंय वाटतं. बादली लावू का?”

मी श्वास घेऊन पुन्हा फुंकलं. तिने बादली लावली.