जिजींनी स्पंज घासला!

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, वारा त्यांच्याच घराकडं वाहतोय. होळीच्या आधी जिजींचे मासे एका दिवसात गेले, आठवतंय ना? नजर लागली म्हणून चांगल्या मूठभर मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, गल्लीभर ठसका, आणि बोट कुणाकडं दाखवलं? माडीवाल्या वहिनींकडं. आदल्या दिवशी त्या बघायला आल्या होत्या आणि "किती गं छान" म्हणाल्या होत्या, एवढाच बिचारीचा गुन्हा.

नजर कुठली आणि काय कुठलं! जिजींनी फिल्टर घासला होता.

हो ना! कुणाला पत्ता नाही. तो पेटीतला काळा स्पंज असतो बघा, बुडबुडे सोडणारा, तो काढला, मोरीत नेला आणि नळाखाली धरून ब्रशनं असा घासला... साबणाची वडी तेवढी सूनबाईनं हातातून हिसकावून घेतली, पण बोलायची हिंमत झाली नाही तिची. त्यात ग्रामपंचायतीनं त्या दिवशी पाण्यात टीसीएल, ती क्लोरीनची पावडर, सढळ हातानं टाकलेली, घोटभर पाण्याला दवाखान्यासारखा वास. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडतायत. दुपारपर्यंत सगळे उताणे. जिजी ओट्यावर बसून, डोक्याला हात लावून, "बठ्ठा मरी गयात वं माय!" आणि स्पंजाबद्दल चकार शब्द नाही. परवा सूनबाईच्या तोंडून निसटलं. माझ्याजवळच निसटलं म्हणून बरं, दुसरी कुणी असती तर गावभर केलं असतं.

अख्ख्या सारंगखेड्यात स्वच्छतेत जिजींचा हात धरणारं कोणी आहे का सांगा. आणि मासे मेले ते घाणीनं नाही, धुण्यानं! मी आपला पदर तोंडाला लावला. हसणं बरं दिसत नाही.

तर काय सांगत होते... हे खूळ आलं कुठून, ते ठाऊक आहे ना? मागची दत्तजयंती. एकमुखी दत्ताची यात्रा ऐन भरात, नदीकाठी घोडे, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि जिजींचे यजमान, आपले नाना, त्यांच्या हातात पपईचे पैसे आलेले. लोक यात्रेतून घोडे घेऊन गेले, यांच्याकडं मासे आले. सुरतेचे जावई हो! तिकडं पालला महापालिकेचं मोठं मत्स्यालय आहे ना, ते बघून बघून त्यांच्या डोक्यात बसलेलं. म्हणे, "इथलं तापीचं पाणी उकाईवरून आमच्या सुरतेला येतं, मग सुरतेचा थाट इथं का नको?" जिजींच्या गळ्यात माळ. त्या ताडकन म्हणाल्या, "मासा आणि माझ्या घरात?" जावई हसून म्हणाले, "जिजी, खायचे नाहीत, बघायचे." जावयाला नाही कसं म्हणणार? गिळलं त्यांनी. पण चेहरा बघायला हवा होता तुम्ही...

पेटी आली दोन फुटी. दोन बाय एक बाय एक. शहाद्याच्या कॉलेजात बीएस्सी करतोय ना तो भाचा, त्यानं तिथल्या तिथं हिशोब केला, 56 लिटर. म्हणजे काठोकाठ भरली तर नुसतं पाणीच 56 किलो, वर काच आणि वाळू वेगळी. आणि ठेवत होते कशावर, तर मोठ्या सुनेच्या रुखवतातल्या टीपॉयवर! त्याचे पाय बाहेर फाकायला लागले तेव्हा कुठं लोखंडी स्टँड करून आणला आणि पेटीखाली थर्माकोलची शीट घातली. खाली जरा उंचसखल राहिलं तर काच तडकते म्हणे.

मग सुरू झालं पाण्याचं महाभारत. नानांचं म्हणणं, माशांना आरओचं पाणी द्या. आपलं बोअरचं पाणी जड, पातेल्याला पांढरा थर बसतो, ते मुक्या जिवांना कसं सोसेल? सूनबाईच्या पोटात गोळा. स्वयंपाकघरातल्या त्या मशीनमधून पन्नास लिटर काढायचं म्हणजे दिवस जाणार, आणि त्याहून जास्त पाणी मोरीत. तर भाचा म्हणाला, "नाना, आरओ पाण्यातले क्षारच काढून टाकतं. नुसत्या आरओत मासे धड राहत नाहीत. आणि गप्पी, मोली, प्लॅटी यांना तर जड पाणीच मानवतं." नाना ऐकेनात. मग त्यानं विचारलं, "आरोग्य खात्याची माणसं डासांसाठी हौदात गप्पी सोडतात, ती काय आरओ लावून सोडतात?" नाना गप्प. ज्या पाण्याला जन्मभर शिव्या दिल्या, तेच या माशांच्या लाडाचं निघालं. फक्त टीसीएलचं पाणी सरळ ओतायचं नाही. बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं, नाहीतर अँटिक्लोरीनचे थेंब टाकायचे. क्लोरीननं माशांचे कल्ले जळतात.

आणि दादांचं ऐकलंत का? मोठे चिरंजीव. ते म्हणाले, फिल्टरला पैसे कशाला घालवता, शेतात ठिबकचा डिस्क फिल्टर जास्तीचा पडलाय, तोच बसवतो. म्हणे, तापीचा गाळ अडवतो तो, चार माशांची घाण नाही का अडवणार? सगळ्यांना पटलं हो! तेवढ्यात भाचा म्हणतो, "मामा, तो गाळ अडवतो. मुतलेलं अडवतो का?"

हॉलमध्ये अशी शांतता... जिजी "शिव शिव" करत आत गेल्या.

पण पोरगं बरोबर बोलत होतं. माशाच्या अंगातून अमोनिया निघतो, बराचसा कल्ल्यांतूनच. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून आणखी होतो. तो दिसत नाही, गाळता येत नाही. पाणी काचेसारखं नितळ आणि मासा मरायला टेकलेला, असंही होतं म्हणे. त्यावर खरा उपाय, जिवाणू. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते माशांना बरंचसं सोसतं. हे जिवाणू राहतात कुठं, तर स्पंजाच्या भोकाभोकांत, त्या चिकट काळपट थरात. जिजींनी घासला तोच थर, बाई! आणि तो काही एका रात्रीत धरत नाही, नव्या पेटीत चार ते सहा आठवडे जातात. मागं उरतं ते नायट्रेट. त्यासाठी आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं. सूनबाई ते काढलेलं पाणी जास्वंदीला घालते. जास्वंद बघितलीत का तिची? मी कलम मागितलं, तर म्हणते पावसाळ्यात देते... असो.

आता एवढं सगळं पोरगं सांगतंय, पण जावयांना धीर कुठला? दुकानदारानं सांगितलं होतं, पाणी भरा, दोन थेंब टाका, मासे सोडा. त्याच संध्याकाळी गोल्डफिश सोडले, पिशवीभर. ते खादाड, घाणही तेवढीच करणार. आणि वाढतात वीतभर हो, दुकानात दिसतात बोटाएवढे. संक्रांतीच्या आत सगळे गेले. तिळगूळ द्यायला व्हिडिओ कॉल लागला, तर जावई तिकडून म्हणतात, "मासे दाखवा ना." इकडं कुणी फोन भिंतीकडं फिरवतंय, कुणी म्हणतंय रेंज नाही. शेवटी नानांनी सांगून टाकलं. जावयांचा चेहरा असा उतरला की लेकीनंच फोन ठेवला.

अहो, आणि पाण्याचा लोट आला ते राहिलंच की! हवेचा पंप ठेवलेला खाली फरशीवर. रात्री लाइट गेली. पंप बंद पडला आणि नळीतून पेटीतलं पाणी उलटं खाली, पहाटेपर्यंत पाहुण्यांच्या गाद्या भिजल्या. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, नाहीतर नळीत ते चाळीसेक रुपयांचं उलट-झडपेचं बोंडुक बसवावं, एवढंच होतं. दादा म्हणाले, विहिरीवरच्या पंपाला फूट व्हॉल्व लावतो आपण, इथं कसं सुचलं नाही? आता लावलाय हो.

मग फिल्टर कुठला घ्यायचा यावर पुन्हा बैठक. जावयांचा हट्ट कॅनिस्टरचा. डबा असतो तो, पेटीखाली ठेवायचा, दोन नळ्या, काही हजारांचा. भाचा म्हणाला, दोन फुटी पेटीला तासाला अडीचशे-तीनशे लिटर पाणी फिरलं, म्हणजे पेटीच्या चार-पाच पट, की पुष्कळ. त्याला कॅनिस्टर कशाला? काठावर अडकवायचा हँग-ऑन चालेल, पण सगळ्यांत बरा स्पंज फिल्टर. पंपासकट पाचशेच्या आसपास काम होतं, पिल्लं ओढली जात नाहीत, आणि मुख्य म्हणजे आपली लाइट! स्पंज पाण्यातच असतो, बॅटरीवरचा छोटा पंप जोडला की पुन्हा बुडबुडे सुरू. कॅनिस्टरचं तसं नाही. बंद डबा, लाइट चार-सहा तास गेली की आतले जिवाणू गुदमरून मरतात, आणि लाइट आली की ती सगळी सडकी घाण भपकन माशांच्या अंगावर. माझं तर मत झालंय, आपल्याकडं कॅनिस्टर म्हणजे पाहुण्यांना दाखवायची वस्तू. बोलू नये, पण खरं आहे.

आणि सहा आठवडे वाट कोण बघणार? तर दोंडाईच्याच्या ताईंकडं जुनी, चालती पेटी आहे. त्यांच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज, त्यांच्याच पेटीतल्या पाण्यात बुडवून, पिशवीत बांधून, भाच्यानं एसटीतून पुलावरून मांडीवर धरून आणला. तो नव्या स्पंजाशेजारी ठेवला. दह्याचं विरजणच की हो! कंडक्टरनं विचारलं म्हणे, पिशवीत काय आहे. हा म्हणतो, जिवाणू. शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली!

मग थोडे थोडे गप्पी सोडले, दर चार दिवसांनी टेस्ट किटच्या नळीत पाणी घेऊन रंग बघायचा. पिवळा राहिला तर अमोनिया नाही, हिरवट झाला तर खाणं कमी करा आणि पाणी बदला. छान चाललं होतं. सकाळी नाना पेपर सोडून माशांसमोर. आणि मग होळीची साफसफाई... ते सांगितलंच मी.

त्यानंतर काय झालं, ते तुम्ही माहेरी होता म्हणून कळलं नसेल. जिजी गुपचूप दादांबरोबर मोटारसायकलवर दोंडाईच्याला गेल्या आणि स्वतःच्या हातानं स्पंजाचा तुकडा घेऊन आल्या. तोंडानं कबूल काही नाही! आता पेटीत दोन स्पंज आहेत. एका वेळी एकच धुवायचा, तोही नळाखाली नाही. पेटीतून काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा दाबायचा, बास. सूनबाईला हात लावू देत नाहीत. उन्हात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून या मे महिन्यात झाकण काढून वर टेबलफॅन लावलाय. स्वतः मात्र घामानं निथळतायत. माळकरी बाई, आणि मला परवा सांगते, "अमोनिया शून्य आहे."

आता खरी बातमी. हळू बोला. माडीवाल्यांनी तीन फुटी पेटी आणलीय. ईर्षेनं हो, दुसरं काय! खाली कॅनिस्टर, निळा दिवा. आणि त्याच दिवशी मासे सोडले. दोन दिवसांत पाणी दुधाळ, मग ती परवाची लाइट गेली, दुपारी बारा ते संध्याकाळ... आज सकाळी निम्मे मासे माडीवरून खाली आले, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, मला दिसलं. मुद्दाम नाही बघितलं.

आणि तासाभरानं त्यांचा नातू जिजींच्या मागच्या दारी. "आजीनं सांगितलंय, तुमचा मळका स्पंज थोडा द्याल का?" ज्या बाईची नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या, तिनं मागितला! सूनबाईचं तर हसू मावेना, ती फडताळामागं लपली. जिजींनी पोराला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता हाकलून देणार. तर पेटीतलं पाणी डब्यात घेतलं, कात्रीनं तुकडा कापला, त्यात बुडवला, झाकण लावलं. आणि डबा पोराच्या हातात देता देता मागं ओढून म्हणतात, "आजीला म्हणावं, मागच्या यात्रेला नेलेलं आमचं पितळी पातेलं आधी आण."

पोरगं धावत गेलं. पातेलं आलं, अहो! आणि आलं ते चिंचेनं घासून.