आमचा ज्वालामुखी शांत स्वभावाचा

प्रवासवर्णनाचा एक नियम आहे. तळं घरापासून जितकं लांब, तितकं ते मोठं. हिंजवडीत नोकरी करणारा आमचा भाचा कंपनीच्या कामाला मध्य अमेरिकेत गेला, निकाराग्वा सरोवर पाहून आला आणि तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात उरलेल्या सगळ्या पाण्याला डबकं म्हणायची प्रथा पडली. पानशेत डबकं, पवना डबकं. खडकवासल्याचं तर त्याने नावसुद्धा घेतलं नाही.

आकडे त्याच्या बाजूने आहेत, हे मान्य करायला हवं. ते सरोवर ८,२६४ चौरस किलोमीटरचं आणि आपला पुणे जिल्हा १५,६४३. म्हणजे ते उचलून इथे ओतलं तर अर्ध्याहून जास्त जिल्हा बुडेल. कोणता अर्धा, यावर आमच्याकडे जेवताना चर्चा झाली. पेठेत जन्मलेल्या बायकोने लगेच पिंपरी-चिंचवडचं नाव सुचवलं. पिंपरीत वाढलेला भाचा म्हणाला, "मामी, पाणी उताराने जातं. आधी सदाशिव पेठ."

एवढ्या पाण्यात ओमेतेपे नावाचं बेट आणि बेटावर दोन ज्वालामुखी. कोन्सेप्सिऑन अजून जागा आहे, मादेरास झोपला आहे. पहिल्याचा आकार दुसरीतल्या मुलाने चित्रकलेच्या वहीत काढावा तसा, खाली रुंद, वर टोक. शिवाय त्या गोड्या पाण्यात शार्क! समुद्रातून सान हुआन नदीने ते वर चढत येतात. भाचा हे सांगताना जो थांबा घेतो, तो कीर्तनकारांनी शिकून घ्यावा असा आहे.

शेवटी डिसेंबरातल्या एका रविवारी मी त्याला म्हटलं, "चल, तुला त्याहून मोठा ज्वालामुखी दाखवतो. जेवायच्या वेळेला घरी." आणि गाडी कासारसाईकडे काढली. हिंजवडीच्या वाहतुकीत गेलेला वेळ मोजायला भूगर्भशास्त्राचंच एकक लागेल. पण त्यामुळे पुढच्या विषयाची मानसिक तयारी झाली.

कासारसाईचं धरण मातीचं. भिंतीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला शिवार. काठावर चहा, कणीस, आणि पोहण्यास सक्त मनाई अशा पाटीला टेकून पोहण्याचा विचार करणारे तरुण. भाच्याने उतरल्या उतरल्या कमरेवर हात ठेवून चारी दिशांना पाहिलं.

"मामा, ज्वालामुखी कुठंय?"

"तू त्याच्यावर उभा आहेस."

त्याने पायाखाली पाहिलं. तिथे कणसाचं बुरकुंड होतं.

खरी अडचण हीच आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमीन फाटली आणि तिच्यातून लाव्हा आला, पण डोंगराच्या शेंड्यातून उसळून नव्हे. लांबच लांब भेगांतून तो निघाला, पसरला, थंड झाला. मग त्याच्यावर पुढचा आला. मराठी घरातल्या जुन्या भांडणासारखं. स्फोट असा मोठा नाही, पण थरावर थर, आणि सुरुवात कुठून झाली ते कुणाला आठवत नाही. आज उरलेला पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच बसलेला. एवढं सगळं करून या गृहस्थाने स्वतःसाठी एक नीट टोकसुद्धा ठेवलं नाही.

भाच्याचा विश्वास बसेना. तेवढ्यात कणीसवालीशी गप्पा मारत बसलेले एक आजोबा मध्ये पडले. उमेदीच्या काळात त्यांनी विहिरी खोदल्या होत्या.

"हितं खाली काय लागतं, बाबा?" मी विचारलं.

"काय लागायचंय? आधी माती, मंग मुरूम, मंग मांजऱ्या, मंग निब्बर काळा पाषाण. मदी गेरूचा तांबडा पट्टा घावतो."

"आणि त्याच्या खाली?"

"फिरून त्येच."

भूगर्भशास्त्राचा ग्रंथ आजोबांनी दोन शब्दांत संपवला. एक लाव्हा आला, निवला, त्याच्या पाठीवर ऊन-पाऊस खाऊन तांबडी माती झाली, आणि मग त्या मातीला भाजत वरून दुसरा आला. म्हणून फिरून त्येच. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी खोल छिद्र पाडलं, तेव्हा ९०० मीटरहून जास्त खाली जाईपर्यंत हेच फिरून लागत होतं, मग कुठे ग्रॅनाइट भेटला.

भाच्याने शेवटचा पत्ता टाकला, उंचीचा. त्याच्या मोबाईलवर कोन्सेप्सिऑन १,६१० मीटर. मी आपली कळसूबाई काढली. लाव्ह्याच्याच थरांची, १,६४६ मीटर. फरक बरोबर ३६चा, त्यामुळे मामा-भाच्यांमध्ये तो योग्यच होता. "पण तो धूर सोडतो," भाचा म्हणाला.

धुराचंच सांगायचं तर त्या देशाला तो फार महागात पडला. अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा कालवा निकाराग्वातून काढायचा की पनामातून, हे १९०२ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये ठरत होतं. पनामाचा पक्ष घेणाऱ्या फिलिप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच इंजिनिअरने निकाराग्वाची टपाल तिकिटं गोळा केली आणि प्रत्येक सिनेटरला पाठवली. तिकिटावर मोमोतोम्बो ज्वालामुखी दिमाखात धूर सोडत होता! तो त्या सरोवराच्या काठीही नाही, शेजारच्या मानाग्वा सरोवरावर आहे. पण सिनेटरांनी कौल पनामाला दिला. आपला ज्वालामुखी तिकिटावर मिरवला नाही. त्याने पुढच्या पिढ्यांना काम दिलं. कार्ले, बेडसे, शेलारवाडीची लेणी त्याच्याच अंगात कोरली. तुंग आणि तिकोना त्याच्याच खांद्यावर. आजीचं जातं, पाटा, वरवंटा त्याचेच. झिजून काळी माती झाली तीही त्याचीच, आणि त्या मातीत इथल्या मंडळींनी ऊस लावला. एवढा मोठा आगडोंब उसाला पाणी पाजायच्या कामी यावा, हे फक्त पश्चिम महाराष्ट्रातच होऊ शकतं.

भूक लागल्यावर वाद मिटला. काठाजवळच्या हॉटेलात तळलेली चिलापी मागवली. भाच्याने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि चमकला. "मामा, ग्रानाडाला सरोवराच्या काठी हाच मासा खाल्ला होता!" खाल्ला असणारच. आफ्रिकेतली ही चिलापी माणसाने आमच्या धरणांत सोडली आणि तिथल्या सरोवरातही. निकाराग्वाचे शार्क कितीही मोठे असोत, ताटात दोन्हीकडे चिलापीच. फक्त इथे तिच्याबरोबर कांदा-लिंबू मिळतं आणि बिल वाचून शार्क आठवत नाही.

निघताना ऊन कललं होतं. गळीत हंगाम सुरू होता. उसाच्या गाड्या कासारसाई-दारुंब्रेच्या संत तुकाराम साखर कारखान्याकडे चालल्या होत्या. लांब झाडांच्या मागून धुराड्याचा पांढरा लोट वर चढत होता, आणि त्याच्या मागे डोंगराचं एक टेपाड अगदी नेमक्या जागी आलं होतं. भाचा थबकला. पाणी, टेपाड, धूर असा त्याने फोटो काढला आणि एक अक्षर न लिहिता घरच्या ग्रुपवर टाकला.

नाशिकच्या आत्याबाईंचं उत्तर लगेच आलं. "फार सुंदर रे! त्या निकाराग्वाला पुन्हा गेलास का? फार जवळ जाऊ नकोस. आणि गेलाच आहेस तर येताना मामाला पण एकदा दाखव, त्या बिचाऱ्याने आयुष्यात ज्वालामुखी पाहिला नाही."