दहा झाडांची फळबाग

निसर्गात राहून चिंतन करावं, ही इच्छा थोर आहेच. पण ती थोरवी टोकाला कशी न्यावी, हे मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड गावाजवळच्या मंडळींकडून शिकावं. १८४३ च्या जूनमध्ये ब्रॉन्सन अल्कॉट हे तत्त्वज्ञ आणि त्यांचे इंग्रज स्नेही चार्ल्स लेन यांनी तिथे सुमारे ९० एकरांवर वसाहत थाटली. विचार दोघांचे, पैसे लेन यांचे. जागेवर सफरचंदाची दहाएक जुनी झाडं होती. तेवढ्या भांडवलावर वसाहतीचं नाव ठेवलं ‘फ्रूटलँड्स’. (आपल्याकडे एका आंब्याभोवती ‘आम्रवन’ सोसायटी उभी राहते, त्या मानाने दहा म्हणजे चैनच.)

नियम अगदी सोवळे. मांस, दूध, अंडी वर्ज्य. लोकर मेंढीची, रेशीम किड्याचं, म्हणून नको. कापूस गुलामांच्या घामाचा, म्हणून तोही नको. हा एक नियम मात्र हसण्यावारी नेता येत नाही. उरलं लिनन. ते उन्हाळ्यात फार छान. दिव्यात देवमाशाचं तेल जळतं, म्हणून दिवा नको. नाहीतरी चिंतन अंधारात चांगलं होतं. बैल जुंपणं म्हणजे त्याला गुलाम करणं, आणि शेणखत तर अमंगळच. तेव्हा तत्त्वज्ञांनी कुदळ-फावडी हाती घेतली. पेरणीची वेळ उलटून चालली होती, पण घाई हा शहरी दुर्गुण. शेवटी जोसेफ पामर नावाच्या दाढीवाल्या शेतकऱ्याने एक बैल आणि एक गाय आणून जोडीने जुंपली. तत्त्वाला थोडी मुरड पडली, जमीन मात्र नांगरली गेली.

प्रसिद्ध विचारवंत इमर्सन जुलैत येऊन गेले. मंडळी जुलैत बरी दिसतात, डिसेंबरात पाहू, अशा अर्थाची नोंद त्यांनी रोजनिशीत केली. शंकेखोर माणूस! जुलैत गेलेल्या पाहुण्याने जुलैपुरतंच पाहावं.

या वसाहतीचा कळस गाठला गेला तो सुगीत. बार्ली कापून पडली होती आणि नेमके त्याच वेळी अल्कॉट आणि लेन दौऱ्यावर निघाले. साध्या जीवनाचं महत्त्व लोकांना पटवायचं होतं. ते काय बार्लीसाठी थांबणार? इकडे वादळ चालून आलं. अल्कॉटबाईंनी, म्हणजे ॲबिगेल यांनी, पोरांना हाताशी धरलं आणि टोपल्या, चादरी, मिळेल त्यात धान्य भरून कोठारात ओढून नेलं. एरवीही रांधा, वाढा, उष्टी काढा हा विभाग बहुतेक त्यांच्याकडेच होता. प्राण्यांना राबवायचं नाही, या नियमाला त्यामुळे कुठेही बाध आला नाही.

पोरांमध्ये दहा वर्षांची लुइसा होती. पुढे ‘लिटल विमेन’ लिहिणारी हीच. तिने १८७३ मध्ये या सगळ्यावर एक खट्याळ गोष्ट लिहून छापली. वडिलांनी एवढं निसर्गसान्निध्य दिलं, त्याचे हे पांग!

थंडी पडली तसे सभासद पांगले. स्त्री-पुरुषांनी वेगळं राहावं, कुटुंब हाच मोक्षातला अडथळा, असं लेन यांना सुचलं. ॲबिगेल यांना मात्र पोरींना घेऊन इथून निघावं असं सुचलं, आणि १८४४ च्या जानेवारीत अल्कॉट कुटुंब बाहेर पडलं. प्रयोग सात-आठ महिने चालला. लेन जवळच्या शेकर या ब्रह्मचर्य पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांकडे गेले. जमीन पुढे पामर यांनी विकत घेतली आणि ते तिथे कित्येक वर्षं राहिले. बैल आणणारे तेच ते.